आपापल्या पाटानं

अण्णा उजवा हात पुढे करायचे, दिसत नसलेल्या लोखंडी दांड्याभोवती मूठ आवळायचे आणि ती सावकाश फिरवायचे. कालव्याचं दार उघडताना तुम्ही कुणाला पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. आमच्यातल्या एकेका आवाजाकडे वळून ते असं एकेक दार उघडायचे. आधी सिस्टरचं, मग बाईंचं, मग स्वतःचं आणि सगळ्यात शेवटी माझं. तोवर मी कागदाकडे बघत उभा. माझे ओठ जरा हलले की ते डोळे वटारायचे आणि गाणं संपल्यावर न चुकता म्हणायचे, "पाळी आल्याबिगर पानी घ्यायचं न्हाई."

गाण्याचा आणि पाण्याचा तसा काही संबंध नव्हता. गाणं चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं नाहीतर जर्मनीतलं, शब्द बहुतेक लॅटिन. चार जणांनी चार वेगळ्या चाली एकाच वेळी म्हणायच्या आणि त्यातून एक गाणं उभं राहायचं. ते गाणारे आम्ही नगरचे. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय. अशा गावात असलं गाणं कोण ऐकणार, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर सांगतो, आम्हालाही तो दर गुरुवारी पडायचा.

पाटबंधारे खात्याच्या आमच्या ऑफिसात अण्णा कालवा निरीक्षक होते आणि मी कारकून. दिवसभर मोटारसायकलवरून कालव्याच्या कडेनं हिंडायचं, पाळी कुणाची आहे आणि पाणी कोण घेतोय ते बघायचं, शिव्या खायच्या आणि त्यातल्या निम्म्या परत करायच्या, हे त्यांचं काम. माणूस नेवासा तालुक्यातल्या एका ख्रिस्ती शेतकरी घरातला, घोडेगावच्या अलीकडचा. किडकिडीत, उन्हानं रापलेला. शर्टाच्या खिशात सूर देणारी एक चपटी, गोल शिट्टी कायम असायची. ती कालव्यावरच्या मजुरांना बोलवायला आहे असं ऑफिसातले लोक समजायचे आणि अण्णांनीही कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता.

एका साहेबांच्या निरोप-समारंभात मी अभंग म्हटला होता. मी केडगावचा, आमच्या भजनी मंडळात लहानपणापासून गाणारा, आवाज जरा जाड. दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या टेबलाशी आले. आवाज चांगला आहे वगैरे काही म्हणाले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी काय करतोस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ते उत्तर मला फार महागात पडलं. त्यानंतर माझा गुरुवार माझा राहिला नाही.

घरी आईला काळजी वाटली. चर्चच्या हॉलात जाऊन हा काय म्हणतो, धर्म वगैरे बदलतोय की काय, असं ती शेजारणीला विचारत होती. ते अण्णांच्या कानावर गेलं. पुढच्या एकादशीला ते आपणहून केडगावला आले, आमच्या मंडळात शेवटपर्यंत मांडी घालून बसले, दोन अभंगांना मागून साथ केली आणि आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले. आईचा जीव भांड्यात पडला. नंतर मला एखाद्या गुरुवारी कंटाळा आला की तीच म्हणायची, जा रे, ते वाट बघत असतील.

हे गाणं अण्णांनी पहिल्यांदा पुण्यात ऐकलं. खात्याच्या कामाला गेले होते, एस.टी.ला वेळ होता, एका चर्चमधून आवाज आला म्हणून आत डोकावले. परदेशातून आलेली मंडळी गात होती. ही हकीकत त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की शेवटी शेवटी आमच्यातला संपत ती त्यांच्याआधी पुरी करायचा. पण अण्णांना त्याचं काही वाटत नसे. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

"सहा मानसं. माइक न्हाई, तबला न्हाई. एक गप बसला की दुसरा बोलतोय, दोघं बोलत्यात तवा तिसरा वाट बघतोय. कुनी कुनाचं पानी तोडत न्हाई. म्या तीस वरसं कालव्यावर काढली, असं कुठं बघितलं न्हाई."

एस.टी. चुकली. ते तिथंच बसून राहिले, कार्यक्रम संपल्यावर त्या मंडळींच्या मागं लागले आणि कुणाकडून तरी चार-पाच गाण्यांच्या झेरॉक्स घेऊन नगरला आले. युरोपातली ती रेघांवरची लिपी त्यांना चर्चमुळे थोडी येत होती. ती त्यांनी आमच्यासाठी सा रे ग म मध्ये उतरवली आणि लॅटिन शब्द देवनागरीत लिहिले. अर्थ विचारला की एका ओळीत उरकायचे. एका गाण्याचा अर्थ त्यांनी सांगितला होता, "दुःख हाय आन् सांगता येत न्हाई, एवढंच." त्यावर संपत म्हणाला की मग चार जणांनी कशाला सांगायचं. अण्णांनाही हसू आलं.

संपत माझ्याच मंडळातला, मीच त्याला ओढून आणलेला. त्याचा स्वतःचा टेम्पो होता. कांदा, सिमेंट, लग्नाचं सामान, जे मिळेल ते वाहायचा आणि कार्यक्रम असला की आम्हाला आणि चर्चच्या जुन्या पायपेटीला वाहायचा. तो अण्णांच्या शेजारी उभा राहून त्यांचाच, म्हणजे वरून तिसरा आवाज म्हणायचा. वरचा आवाज सिस्टरचा. ती एका दवाखान्यात नर्स होती, मूळची तिसगावकडची. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे, ही आजीजवळ आणि पुढे होस्टेलात राहून शिकली. तिचा आवाज इतका सरळ आणि स्वच्छ होता की बाकीच्यांना आपला आवाज नकोसा वाटायचा. दुसरा आवाज बाईंचा. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या, त्यामुळे त्यांना वेळेवर येण्याची आणि वेळेवर जाण्याची सवय होती. सगळ्यात खाली मी. मला अण्णा 'टेल' म्हणायचे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे टेल म्हणतात. तिथल्या शेतकऱ्याला पाणी पोचलं तर कालवा चालला, नाहीतर सगळं कागदावर. म्हणून ते सगळ्यात जास्त कान माझ्याकडे द्यायचे आणि सगळ्यात जास्त बोलणीही मीच खायचो.

आता आमची खोड सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं. भजनात सगळे मिळून एकच चाल म्हणतात. बुवा पुढे, बाकी मागून. एखादा अडखळला तर शेजाऱ्याचा आवाज धरतो आणि पुढे जातो, कुणाला कळतसुद्धा नाही. चर्चमध्ये वाढलेल्या सिस्टरलाही तेच वळण. आमच्या रक्तातच ते आहे. त्यामुळे या गाण्यात कुणी जरा चुकला की तो नकळत वरच्या आवाजाला जाऊन चिकटायचा. संपत घसरला की त्याच्या मागोमाग बाई, बाई गेल्या की मी. बघता बघता चौघं सिस्टरची चाल म्हणत असायचो, आणि गाणं एकदम गोड, सोपं आणि आपल्या ओळखीचं व्हायचं.

अण्णांना ते गोड होणं सहन होत नसे. ते पायपेटीवर थाप मारून थांबवायचे. "पुन्यांदा. आपापल्या पाटानं चला. दुसऱ्याच्या पाटात पानी सोडायचं न्हाई." आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर ऑफिसात मान मोडून, शाळेत घसा फोडून, दवाखान्यात पाय दुखवून आलेली माणसं आम्ही. पुन्यांदा हा शब्द मला स्वप्नात ऐकू यायचा.

माणूस हट्टी होता आणि तोंडाचा फाटका होता, तेही सांगायला हवं. एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला बोलावलं होतं. आयोजकांनी भीत भीत सुचवलं की शेवटी एखादं सिनेमातलं गाणं होऊ द्या, मुलं शिट्ट्या मारतायत. अण्णा तिथल्या तिथे कागद गोळा करून स्टेजवरून उतरले. आम्ही त्यांच्या मागं, आणि आमच्या मागं चार पोरं पायपेटी उचलून. आयोजक बिचारा हात जोडत होता. मला अण्णांचा फार राग आला होता, कारण गाण्यानंतर जेवण होतं आणि ते आम्हाला दिसत होतं.

कार्यक्रम तसे होत राहिले. चर्चच्या हॉलात नाताळाआधी एक ठरलेला. खुर्च्या जास्त, माणसं कमी, वरचा पंखा कुरकुरणारा. मधे नाचाच्या दोन जुन्या चाली असायच्या, त्या अण्णा रेकॉर्डर नावाच्या उभ्या बासरीवर वाजवायचे आणि संपतला तेवढ्यापुरता डफ मिळायचा. लोकांना तेच आवडायचं. गाणी संपल्यावर कुणीतरी आजोबा जवळ येऊन विचारायचे, मराठीत एखादं नाही का. अण्णा फार नम्रपणे नाही म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांशी ते कधी भांडले नाहीत.

घोडेगावला एका शाळेच्या कार्यक्रमात गायलो तेव्हा नेमका जनावरांच्या बाजाराचा दिवस होता. शाळेच्या भिंतीपलीकडे टेम्पोंची रांग, व्यापाऱ्यांचा गलका. माझा एक लांब सूर चालू असताना भिंतीपलीकडून एक म्हैस रेकली, तीही माझ्या सुराच्या जरा खाली, अगदी चिकटून. मुलं खदखदून हसली. बाईंना हसू आवरेना. मी डोळे मिटून सूर धरून ठेवला. परतताना अण्णा टेम्पोत माझ्या शेजारी बसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "म्हैस आली तरी टेल हाललं न्हाई." इतक्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक. ते मी अजून जपून आहे, हसू नका.

तिसगावला मात्र वेगळं झालं. सिस्टरच्या गावात, लहानशा चर्चच्या वर्धापनदिनाला आम्हाला बोलावणं आलं. ऊसतोडीचा हंगाम संपून तिचे आईवडील गावी आलेले, पुढच्या रांगेत बसलेले. दिवेलागणीची वेळ. आमचं सगळ्यात अवघड गाणं निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. कागद दिसेनात. काय करायचं ते अण्णांनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं होतं, चुकलात तर गप्प राहा आणि पुढच्या दारापाशी, म्हणजे आपली पुढची ओळ सुरू होते तिथं, या. पण अंधारात एकट्यानं गप्प राहायला फार जोर लागतो. आधी संपत गेला, मग बाई, मग मी. अंधारात सगळे सिस्टरच्या आवाजाला जाऊन लागलो. अण्णा तेवढे आपल्या ओळीवर एकटे राहिले, थोडा वेळ ऐकू येत होते, नंतर तेही थांबले. गाणं आम्ही एका सुरात पार पाडलं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. सिस्टरचे वडील अण्णांचा हात धरून म्हणाले, शेवटाला लई गोड झालं.

टेम्पोनं करंजीचा घाट पार केला. आम्ही शिव्यांची वाट बघत होतो. अण्णा बोलले ते रस्त्याकडे बघत.

"माजंच चुकतंय. म्या मधी उभा ऱ्हातो म्हनून तुमी उभे ऱ्हाता. म्या उद्या नसलो तर?"

संपत म्हणाला, असं काय बोलता अण्णा. अण्णा म्हणाले, खरं तेच बोलतोय.

त्या दिवसापासून त्यांचं एकच चाललं. ते आमच्यात उभे राहीनासे झाले. तिसरा आवाज संपतनं एकट्यानं म्हणायचा, अण्णा हॉलच्या मागच्या खुर्चीत बसणार, दार उघडल्याची खूण करणार नाहीत, गाणार नाहीत. एकदा तरी ते अवघड गाणं त्यांच्या आधाराशिवाय चार आवाजांत शेवटपर्यंत जायला हवं होतं. दुसरं काही त्यांना नको होतं. श्रोते आले नाहीत तरी चालतील, म्हणायचे. कार्यक्रमही नको. फक्त एकदा.

आणि ते होईना. कधी निम्म्यावर मोडायचं, कधी शेवटच्या चार ओळी राहिल्या असताना. मागच्या खुर्चीतून "पुन्यांदा" असा आवाज यायचा. तोही हळूहळू बारीक होत गेला. बाई म्हणाल्या, आता आपलं वय झालं. संपतचा टेम्पो नादुरुस्त. सिस्टरला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलेलं आणि ती जाऊ की नको करत होती. मीही थकलो होतो. मी तीन-चार गुरुवार गेलोच नाही. फोनही उचलला नाही.

अण्णा घरी आले. चहा प्यायले. मुलीचा अभ्यास विचारला, आईच्या फोटोपुढे जरा वेळ उभे राहिले, कालव्याला यंदा सुटणाऱ्या पाण्याच्या आवर्तनाबद्दल बोलले. गाण्याचा विषय काढला नाही. मला वाटलं, सुटलो. चप्पल घालताना मात्र म्हणाले, "टेल कोरडं पडलंय." मी पुढच्या गुरुवारी हजर. असल्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ काही म्हणालो.

सिस्टरला त्यांनी स्वतःच पुण्याला पाठवलं. ती रडत होती की वरचा आवाज गेला तर तुमचं काय. ते म्हणाले, पुणं काय विलायतेत न्हाई, महिन्यातनं एकदा येशीलच. ती यायची. सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यामुळे आमच्याकडे महिन्यातून एकच संधी उरली.

पुढे जिना चढताना अण्णांना धाप लागायला लागली. पाय सुजले. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा म्हणाले, त्याला सुट्टी कुठं दिली मी. ते घरीच झोपून राहायला लागले. त्यांच्या घरी आम्ही तोवर फारसे जात नसू, सगळं हॉलातच व्हायचं. त्या निमित्तानं त्यांच्या बायकोची, काकूंची, आमची खरी ओळख झाली. काकू कमी बोलणाऱ्या. आम्ही गेलो की अण्णांच्या पाठीशी उशा लावून द्यायच्या आणि दारात खुर्ची टाकून लसूण सोलत बसायच्या.

सिस्टर आली तेव्हा एका दुपारी आम्ही चौघांनी त्यांच्या खाटेपाशी उभं राहून ते गाणं म्हणायचं ठरवलं. खोली लहान. खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या. अण्णांनी खिशातली शिट्टी काढून सूर दिला, त्याला तीनदा श्वास घ्यावा लागला. मग त्यांनी डोळे मिटले.

सुरुवात चांगली झाली. इतकी चांगली की मला भीती वाटायला लागली. सिस्टर निघाली, बाई निघाल्या, संपत बरोबर आपल्या जागी आला, मी आलो. चौघं चार वाटांनी चाललो होतो आणि कुणी कुणाला ओढत नव्हतं. निम्मं गाणं झालं. तिसगावला मोडलं होतं ती जागा गेली. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, संपतच्या ओळीवर, आवाज न काढता.

मग संपत मधेच अडखळला. त्यानंही अण्णांकडे पाहिलं असणार. त्याची ओळ सुटली. त्या क्षणी अण्णांनी नुसती दोन अक्षरं म्हटली असती तरी तो सावरला असता. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, अण्णांनाही. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. गळ्याची शीर फुगलेली दिसत होती, पण सूर बाहेर येऊ दिला नाही. संपत घसरला आणि वरच्या चालीला लागला, त्याच्या मागोमाग बाई. मी कसाबसा माझ्या ओळीवर टिकलो. तसंच शेवटपर्यंत गेलो.

संपत खाटेच्या कडेला बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लई लांब आलं आज. पुढच्या बारीला हुईल."

पुन्यांदा म्हणाले नाहीत. मला त्याचंच वाईट वाटलं.

पुढची बारी आली नाही. सिस्टर पुन्हा नगरला आली ती थेट त्यांच्या मयतीला.

दफन त्यांच्या गावी झालं. ऊन रणरणत होतं. खात्यातली माणसं आली होती, कालव्यावरचे शेतकरी आले होते, त्यांत ज्यांनी त्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या असेही होते. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही ठरवलेलं होतं की तेच गाणं म्हणायचं. सूर द्यायला काकूंनी त्यांची शिट्टी माझ्याकडे दिली होती. मी सूर दिला आणि आम्ही उभे राहिलो, संपत त्याच्या जागी एकटा, आणि त्याच्या शेजारी एका माणसाची जागा सोडलेली. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

चार ओळीसुद्धा झाल्या नाहीत. शवपेटी दोरांवरून खाली जायला लागली आणि बाईंचा आवाज फुटला. त्यांनी सिस्टरची चाल धरली, कारण दुसरं काही धरायला नव्हतं. संपतनंही तीच धरली. मला माझी ओळ येत होती. तोंडपाठ होती. पण तिथं एकट्यानं खाली राहणं मला जमलं नाही. मीही वर गेलो. चौघं एका चालीत गायला लागलो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला ती चाल परत आली तेव्हा त्यांच्या भावकीतल्या बायकांनीही शब्दांशिवाय आमच्या मागून ती धरली. लॅटिन कुणालाच येत नव्हतं. सगळी माणसं एकच सूर म्हणत होती आणि माती पडत होती. इतकी वर्षं ते ज्याला नाही म्हणत आले, त्यातच आम्ही त्यांना पुरलं.

माणसं पांगल्यावर मी काकूंपाशी गेलो. गाणं नीट झालं नाही, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्यांना चाललं नसतं," त्या म्हणाल्या. "मला चाललं."

त्यानंतर एक-दोन गुरुवार आम्ही हॉलात जमलो. खुर्च्या लावल्या, काढल्या. संपत म्हणाला, म्हणायचं का, आणि कुणीच उठलं नाही. पुढे बाईंना मुलाकडे जावं लागलं, सिस्टरच्या ड्युट्या बदलल्या. भांडण नाही, निरोप नाही, नुसतं थांबलं. आपल्याकडच्या पुष्कळ गोष्टी अशाच थांबतात, तुम्हीही पाहिलं असेल.

आता गुरुवारी मी वेळेवर घरी येतो. कधी संध्याकाळी गच्चीवर एकटा असलो तर आमचं ते गाणं म्हणतो, म्हणजे माझा खालचा आवाज म्हणतो. नुसता तेवढाच ऐकला तर त्यात गाणं सापडत नाही. दोन लांब सूर, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक. मधल्या जागा वरच्यांच्या. तिथं मी गप्प उभा राहतो आणि सिस्टरची ओळ मनात जाऊ देतो, बाईंची जाऊ देतो. एकट्यानं म्हणताना मी कधी घसरत नाही, ही एक गंमतच.

परवा मुलगी वाळत घातलेले कपडे काढायला वर आली. माझा सूर संपल्यावर ती जरा थांबली. मी गच्चीच्या कठड्याला धरून तसाच उभा होतो. कपडे खांद्यावर टाकून तिनं विचारलं, "झालं का, बाबा?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि हातानंच तिला थांब म्हणून सांगितलं. अण्णांची ओळ अजून चालू होती.